पाळणाघराची वही

वारज्यात आमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या पाळणाघरात, संध्याकाळी मुलाला नेताना एका शंभरपानी वहीत वेळ लिहून सही करावी लागते. गेल्या महिन्यात पत्नी आठवडाभर बंगळुरूला गेली, तेव्हा हे काम माझ्याकडे आले; मावशी चिरंजीवांच्या पायांत सँडल अडकवीत होत्या तेवढ्यात मी मागची पाने सहज चाळली. पानोपानी तिचीच सही होती. ६.५५, ६.५८, ७.०५. सातनंतर जादा आकार पडतो, म्हणून त्या ७.०५ पुढे लाल पेनाने पन्नास रुपये मांडलेले होते. जूनपासून माझ्या सह्या चार, त्याही बँकेला सुट्टी असलेल्या शनिवारच्या.

माझी बँक कर्वे रस्त्यावर, घरापासून दुचाकीने वीस मिनिटांवर आहे. तिचे कार्यालय हिंजवडीच्या फेज थ्रीमध्ये आहे आणि वाकडची गर्दी पार करून, चांदणी चौक ओलांडून घरी यायला तिला सव्वा तास लागतो. ही वाटणी आम्ही कधी बसून ठरवली, असे मला आठवत नाही. मला बढती मिळाली तेव्हा घरात पेढे आले, पण मुलाकडे कोण पाहणार, हे कुणी विचारले नाही. तिला टीमची जबाबदारी देऊ केली, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "मग बाळाचं काय?" त्यावर मी मोठ्या उदारपणे म्हणालो, "मी मदत करेन." मदत दुसऱ्याच्या कामात करतात, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आले नाही.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७. २०१७ च्या कायदादुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली; परंतु तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आईला दिलेली आहे, बापाचा उल्लेख नाही. तिच्या कंपनीतही अशी सोय आहे. मात्र चार वर्षांच्या मुलाला रोज जाऊन-येऊन अडीच तास बसमध्ये बसवायचे कसे, या प्रश्नापाशी ती संपते.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी रोकड जुळेना. साडेसहा वाजले आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीने, बंगळुरूला फोन लावला. ती बैठकीतून उठून बाहेर आली, तिने शेजारच्या काकूंना फोन केला आणि सात मिनिटांत सारे मार्गी लावून परत आत गेली. त्या दिवशीची सही काकूंची आहे.

आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवार माझे आहेत. पहिल्या पंधरवड्यात मी दीडशे रुपये दंड भरला. उशीर झाला की मावशी अजूनही फोन मात्र तिलाच करतात. मी थोडा चिडून त्यांना कारण विचारले, तेव्हा त्यांनी प्रवेशाचा अर्ज काढून दाखवला. संपर्कासाठीच्या रकान्यात तिचा एकटीचाच क्रमांक होता आणि अक्षर माझे होते.