अण्णांना त्या अवस्थेत कोकणात का नेलं

अण्णांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी हा प्रश्न थांबत नाही. लग्नात भेटलेली आत्या विचारते, जिन्यात भेटलेले शेजारी विचारतात: "डायलिसिसवरच्या माणसाला मार्चच्या उन्हात कोकणात फिरवायला नेलंतच कशाला?" तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

डॉक्टरांना विचारलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असायचं, म्हणजे शनिवार-रविवार मोकळे. हाच आठवड्यातला सगळ्यात लांब आणि म्हणून सगळ्यात जोखमीचा खंड असतो, हेही मला माहीत होतं. पाणी मोजून द्यायचं होतं. तहान भागवायला थर्मासमध्ये बर्फाचे खडे घेतले होते. सोमवारी परत आल्यावर रक्त तपासलं तेव्हा पोटॅशियम आटोक्यात होतं, तो कागद अजून माझ्याकडे आहे. अण्णा गेले श्रावणात. त्या सहलीचा त्याच्याशी संबंध नाही.

हे सगळं खरं आहे. पण विचारणाऱ्यांना मी इतके दिवस एवढंच सांगत आले, आणि हे "नेलं तर बिघडलं कुठे" याचं उत्तर झालं. "का नेलं" याचं नाही.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, दापोली डेपोला. त्यांचा उजवा हात कोपरापासून खाली कायमचा रापलेला, कारण ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे. डावा हात गोरा राहिला, आणि त्याच हातात पुढे डायलिसिससाठी फिस्टुला केला, म्हणजे सुया टोचता याव्यात म्हणून धमनी आणि शीर जोडली. मनगटाच्या वर बोट ठेवलं की रक्त सरसरताना कळायचं. त्या हातावर उशी ठेवून ते पनवेलच्या घरात खिडकीशी बसायचे, समोर दुसऱ्या इमारतीची गच्ची. "इतकी वर्षं किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी मारली, पण बघितलं ते वळण आणि समोरून येणारा ट्रक," असं एकदा म्हणाले. मला घेऊन चल, असं ते कधीच म्हणाले नाहीत. "त्यांचीच इच्छा होती" असं मी पूर्वी सांगायचे. तेवढं मी आता म्हणत नाही. इच्छा माझी होती, त्यांनी ती मोडली नाही.

रस्ता मात्र त्यांनी ठरवला. मी म्हटलं, श्रीवर्धनवरून खाली उतरू. ते म्हणाले, "खाली जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे तुझ्या बाजूला. मला काय दिसणार? आधी महाडवरून दापोली गाठ, आणि किनाऱ्याने वर ये." म्हणून शनिवारी महाडमार्गे गेलो, घाटात पांगारा लालभडक फुललेला. रविवारी उजाडता उजाडता हर्णैहून निघालो. आंजर्ल्याच्या खाडीवर आता पूल आहे, पूर्वी तरीने जावं लागायचं. पुढे पाडले, आडे. रस्ता अगदी पाण्याला धरून जातो तिथे मी गाडी हळू केली. अण्णांनी डाव्या हातावर पंचा टाकला, काच खाली केली आणि बराच वेळ एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना असं बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. माझं उत्तर एवढंच असतं तर किती बरं झालं असतं.

पण मग केळशी आली. केळशीला त्यांची वस्तीची गाडी असायची. रात्री गाडी मुक्कामाला, पहाटे परत. देवळाच्या अलीकडच्या एका घरातून ड्रायव्हर-कंडक्टरला जेवणाचं ताट यायचं. त्या घरच्या काकूंना भेटायचंच होतं. काकू थकल्या होत्या, पण आवाजावरून त्यांनी अण्णांना ओळखलं. त्यांच्या मुलाने वाडीतून शहाळं आणलं, कोयत्याने तोंड उडवलं आणि अण्णांच्या हातात दिलं.

मूत्रपिंडं काम करत नसली की पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही, साठत जातं आणि हृदयाचा ठोका बिघडवतं. शहाळ्याच्या पाण्यात ते भरपूर असतं. आंब्यातही असतं. म्हणजे कोकणात माणूस प्रेमाने जे जे पुढे करतो, ते सगळं त्यांना वर्ज्य. हे अण्णांना पाठ होतं. तरी त्यांनी शहाळं दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं. पाणी ओठाला लागलं असेल, एखादा घोट गेलाही असेल. मी पुढे होऊन ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. अंगणात सगळे उभे होते. थोडं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

काकू म्हणाल्या, "आमच्याकडचं पूर्वी चालत होतं हो त्यांना."

अण्णाच म्हणाले, "अजून चालतंय वहिनी. डॉक्टर सोडत नाही." मग ते हसले आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसले.

वेळास आलं, बाणकोट आलं. वेश्वीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत थांबलो, खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे. बोट लागली, गाडी रिव्हर्समध्ये चढवायची होती. तेव्हा ते पहिल्यांदा बोलले: "येऊ दे. येऊ दे. डावीकडे मार. बस." बागमांडल्याला उतरून श्रीवर्धनला आलो. 2020 च्या निसर्ग वादळात तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हापासून ते तिकडे गेलेच नव्हते. "इथे भर दुपारी अंधार असायचा," एवढंच म्हणाले. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला वर्षं जातात, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

आता कधी मला वाटतं, दोन घोट पिऊ द्यायचे होते. सोमवारचा कागद बघितला की आणखीच वाटतं. पण तो कागद चांगला आला तो मी हात पुढे केला म्हणूनच, असंही असू शकतं ना? पनवेलला आमच्या वॉर्डात बाजूच्या खाटेवरचा एक माणूस रविवारी रात्री गेला होता. तो खंड लांबचा होता, बाकी काय झालं ते त्याच्या घरच्यांनाही कळलं नाही. ते डोक्यात असताना मी दुसरं काय करणार होते? आणि डोक्यात ते घेऊनच नेलं तर अण्णांना काय दाखवलं, समुद्र की माझी पाळत? यावर माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे, आणि ते मिटवून द्यायला मला कुणी नको आहे.

तुमच्या प्रश्नात असं गृहीत धरलेलं असतं की घरात ठेवलं असतं तर माणूस सुरक्षित होता. मी त्या घरात होते. आठवड्यातून तीनदा सुया, उरलेल्या वेळी समोरची गच्ची, आणि पाण्याचा मोजलेला पेला. त्याला सुरक्षित म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शहाळं काढून घेतल्याचं वाईट वाटतं. नेल्याचं वाटत नाही.