चोवीस पिसांचा पतंग : संगमेश्वरातली एक नोंद

पतंगांच्या नोंदी करणाऱ्यांत मोठ्या पतंगांचं कौतुक जास्त. ॲटलास मॉथ आला की सगळे मोबाईल घेऊन धावतात. सेंटिमीटरभराच्या पतंगाला मात्र चिलट समजून झटकलं जातं. पावसाळा सरता सरता आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या घरी, मागच्या पडवीत, असाच एक इवलासा पतंग आला. त्याची नोंद पक्की करताना मला काय काय करावं लागलं ते लिहिते आहे, कारण कोकणात या लहान पतंगांकडे बघणारे फार थोडे आहेत.

साधनं साधी होती. दोरीवर ताणून बांधलेली पांढरी चादर आणि तिच्यापुढे यूव्ही एलईडीची नळी. अमावस्येच्या आसपासची, वारा पडलेली, दमट रात्र सगळ्यात चांगली. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, अंगणातला दिवा आठवणीने घालवतात, नाहीतर निम्मे किडे तिकडेच जातात.

पतंग चादरीला अगदी चिकटून बसला होता, चारही पंख उघडलेल्या पंख्यासारखे पसरून. भाऊंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हा तुरीवरचा पिसारी पतंग ना?" शंका रास्त होती. आमच्याकडे भाताच्या बांधावर तूर असते, तिच्या शेंगा पोखरणारा पिसारी पतंग शेतकऱ्याला चांगला ठाऊक असतो. पण तो बसतो इंग्रजी टी अक्षरासारखा, अरुंद पंख दोन्ही बाजूंना ताणून. त्याचा पुढचा पंख दोन भागांत चिरलेला असतो, मागचा तीन. आमच्या पाहुण्याचे फोटो मोठे करून मी पिसं मोजली. पुढच्या प्रत्येक पंखात सहा, मागच्या प्रत्येक पंखात सहा, एकूण चोवीस. प्रत्येक पिसाला मधे बारीक दांडी आणि दोन्ही कडांना केसांची झालर. तपकिरी-पांढरे पट्टे एका पिसावरून दुसऱ्यावर असे गेलेले, की मधल्या फटी डोळ्यांना दिसतच नाहीत. खाली आलेखाच्या कागदाचा तुकडा धरला होता, त्यामुळे रुंदीही मिळाली : १२ मिलिमीटर.

एवढ्यावर कूळ ठरलं, अल्युसिटिडी. जगभरात या कुळातल्या २००हून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा अल्युसिटा या एकाच प्रजातीत (इंग्रजीत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) येतात. खरी अडचण इथून पुढे सुरू झाली.

आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर फोटो टाकताच पहिलं नाव सुचवलं गेलं ते अल्युसिटा हेक्झाडॅक्टिला. हा युरोपातला पतंग, त्याच्या अळ्या हनीसकलच्या फुलांवर वाढतात. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर साम्य दिसतं, पण सह्याद्रीच्या पायथ्याशी तो असण्याला काही आधार नाही. जिथले फोटो जास्त, तिथलं नाव संगणक आधी सुचवतो. मी ते नाव घेतलं नाही.

जुनं साहित्यही लगेच हाती लागत नाही. भारतातल्या पतंगांवरचे हॅम्पसनचे १८९२ ते १८९६ या काळातले चार खंड पायरॅलिडी कुळापाशी संपतात. त्याहून लहान पतंगांपैकी कितीतरी जातींची नावं एडवर्ड मेरिक या इंग्लंडमधल्या शाळामास्तरांनी ठेवली. १९१२ ते १९३७ या काळात त्यांनी जगभरच्या हजारो लहान पतंगांची वर्णनं छापली, पण बहुतेक मोजक्या ओळींची आणि चित्रांशिवाय. जननेंद्रियांच्या तपासणीवर त्यांचा भर नव्हता, आणि आज जाती वेगळ्या करायला नेमकी तीच लागते. त्यांनी वर्णन केलेले बरेचसे नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. म्हणून या पतंगांच्या बाबतीत फोटोवरून थेट जातीचं नाव देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

पतंग आमच्याच परसातला होता. संरक्षित जंगलातला असता तर वनखात्याच्या परवानगीशिवाय हातही लावता आला नसता. मी तो कागदाच्या पाकिटात घालून फ्रीझरमध्ये ठेवला आणि नंतर कीटकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंकडे नेला. त्यांनी पोटाचा भाग काढून दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवला. त्यात मांसल भाग विरघळतो आणि कठीण अवयव तेवढे उरतात. सूक्ष्मदर्शकातून मान वर करून त्या म्हणाल्या, "मादी आहे. तुलनेसाठी मला नर हवा. तोपर्यंत तुम्ही अल्युसिटा एवढंच लिहा, जात मोकळी सोडा."

मी तसंच लिहिलं. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिव्याचा प्रकार, त्या रात्रीचं हवामान, पंखांची रुंदी, मादी, नमुना कुणाकडे आहे, आणि परिसरातली झाडं. नमुन्याच्या टाचणीला हाच मजकूर चिठ्ठीवर बारीक अक्षरात लावला. चिठ्ठी नसलेला नमुना कुणाच्याही उपयोगाचा नाही, हे त्या बाईंनी मला पुन्हा पुन्हा बजावलं. नोंद प्रजातीपर्यंतच आहे, तरी मला ती पूर्ण वाटते, कारण उद्या कुणी तपासायला बसलं तर त्याला लागणारं सगळं तिच्यात आहे.

झाडांची यादी केली ते बरं झालं. या कुळातल्या काही जातींच्या अळ्या टेटू-पाडळच्या कुळातल्या झाडांच्या कळ्या-फुलांत वाढतात, आणि आमच्या कुंपणालगत टेटूचं झाड आहे. त्याला कळ्या धरल्या की काही कळ्यांना मलमलीच्या पिशव्या बांधायच्या, पडलेली फुलं उचलून जाळीच्या डब्यात ठेवायची, असं ठरवलंय. शिडी भाऊ धरणार आहेत. डब्यातून पतंग निघाला तर नर मिळण्याची आशा आहे, शिवाय खाद्य वनस्पतीही कळेल.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा कोल्हापूरच्या घाटालगत कुणाला असा पतंग दिसला, तर फोटो वरून सरळ काढा, एक बाजूने काढा, एक डोक्याचा जवळून काढा, आणि शेजारी आलेखाचा कागद ठेवा. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवरचे पट्टे स्पष्ट यायला हवेत, तुलना करताना नजर आधी तिथेच जाते.