सोमवारी मसाईच्या सड्यावर

आमच्या कारखान्याला सुट्टी सोमवारची. जगातली सगळी लग्नं, बारशी आणि क्रिकेटच्या मॅचा रविवारी, आणि मी त्या दिवशी लेथवर. आधी याचा लई राग यायचा. आता येत नाही, कारण सोमवारी पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, चिटपाखरू नसतं. त्यात एप्रिल-मे असला तर विचारूच नका. ‘उन्हात वाळकं गवत बघायला जातासा होय?’ असं बायको म्हणते. निम्मं खरं आहे तिचं.

माझ्याबरोबर तात्या असतात. आमच्याच फौंड्रीत आयुष्यभर मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करायला होते, आता रिटायर. अशाच एका सोमवारी पहाटे साडेचारला गाडीवरनं शिवाजी पूल ओलांडला, वाघबिळाची चढण चढून पन्हाळ्यावर गाडी लावली आणि उजाडायच्या आत राजदिंडीनं उतरून म्हाळुंग्याच्या वाटेला लागलो. डबा आईनं बांधलेला: भाकरी, झुणका, खरडा, कांदा. माझ्याजवळ पाणी तीन लिटर. तात्यांजवळ एकच बाटली, त्यात ताक. ‘एवढं पाणी कशाला वाहतोस? आंघोळ करणार हाईस का?’ (ही बाटली पुढं कामाला येते.)

१६६० सालच्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निघून महाराज विशाळगडाकडं गेले ते याच अंगानं. दरवर्षी जुलैत त्या वाटेनं मोहिमा निघतात. मीही दोनदा गेलोय. चिखल, धुकं, घोषणा, आणि पुढच्या माणसाची पाठ. दोन्ही वेळा पठार पायाखालनं गेलं पण दिसलं काही नाही. मसाई म्हणजे एक सडा नव्हे, एकामागं एक सडे आहेत, मधे खिंडी आहेत, हे मला उन्हाळ्यात कळलं. गवत बसलेलं असतं, त्यामुळं जमिनीची हाडं दिसतात.

देवळाच्या पुढं गेलं की पावसाळ्यात जिथं तळी साठतात तिथं आता भेगाळलेला गाळ. त्यात म्हशींच्या खुरांचे ठसे वाळून कडक झालेले, अगदी साच्यातनं काढल्यासारखे. तात्या खाली वाकून त्यावर बोट फिरवत बसले. ‘बघ, कड कशी धरलीय. आमच्या वाळूला अशी कड धरायला काय काय करायला लागायचं.’ एका तळ्यात मधोमध परातीएवढं पाणी उरलं होतं आणि त्याच्यावर हक्क सांगत एक टिटवी आमच्या डोक्यावरनं ओरडत फिरत होती. आम्ही लांबनंच गेलो.

साडेदहाला माझं पाणी संपलं. जांभ्याचा दगड तापला की उष्णता वरनं नाही, खालनं येते. सावली म्हणाल तर कडेला करवंदीच्या जाळ्या, त्याही गुडघ्याएवढ्या. करवंदं अजून हिरवी. एका अंजनीला मात्र निळाजांभळा फुलोरा आला होता, फांदीला चिकटून, कुणी निळीत हात बुडवून पुसल्यागत. तात्यांनी काही न बोलता ताकाची बाटली पुढं केली.

खिंडीच्या तोंडाला एक म्हातारा धनगर शेळ्या घेऊन बसला होता. पाण्याचं विचारलं तर म्हणाला, ‘पावनं, सड्यावर पानी सोधू नगा. कडंनं खाली उतरा, जांभळीच्या बुडात हाय.’

उतरलो. खडकाच्या पोटातनं करंगळीएवढी धार पडत होती. लिटरची बाटली भरायला चार मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं, सवय आहे. पाणी गार. जांभा नुसता भोकाभोकांचा, पावसाचं पाणी त्यातनं खाली झिरपतं, तळाला मातीचा थर आणि काळा पाषाण लागला की अडतं आणि कडेला झरा होऊन बाहेर येतं. वरती ठणठणीत कोरडं आणि पन्नास फूट खाली पाणी. मी म्हटलं, ‘तात्या, हा जॉब तुम्ही दिला असता तर ब्लोहोल म्हणून आम्ही परत पाठवला असता.’ ओतकामात हवा अडकून भोकं पडतात त्याला आम्ही ब्लोहोल म्हणतो. तात्या म्हणाले, ‘म्हणून तर तू लेथवर आहेस.’ याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

बाराच्या सुमाराला माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. नवा बूट, दुकानदारानं खास डोंगराचा म्हणून दिलेला. उन्हानं डिंकच पातळ झाला. जेवणाच्या डब्याची सुतळी काढून बांधला आणि फटाक फटाक करत पन्हाळ्यापर्यंत आलो. तात्यांच्या पायात टायरच्या चपला. ते पुढं चालत होते आणि हसताना त्यांची पाठ हलत होती.

मेमधला सोमवार मग राधानगरीला गेला. तिथं मनाला येईल तिकडं फिरता येत नाही, अभयारण्य आहे, गवे आहेत. दाजीपूरला नोंद करून वाटाड्या घेऊन शिवगडावर गेलो. सकाळी लवकर पोचलं तर खाली कोकण दिसतं, नंतर सगळं धुरकटतं. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिला तो लक्ष्मी तलाव, राधानगरी धरणाचा. पाणी खाली गेलेलं, आणि काठाला लाल मातीचा उघडा पट्टा, पातेल्यातली आमटी आटून कडेला जी रेघ राहते तसा. शाहू महाराजांनी १९०७ साली मनावर घेतलेलं हे धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. पावसाळ्यात त्याचे किती दरवाजे आपोआप उघडले यावर आमच्या गल्लीत पंचगंगेच्या पुराचा अंदाज बांधतात. दरवाजांखाली पाण्याची रेघ किती खोल गेलेली असते, हे बघायला मात्र कुणी येत नाही.

या दोन सहलींच्या मधे बूट शिवायला नेला होता. कोपऱ्यावरच्या मामांनी तळ उलटा करून बघितला. ‘कुठं गेलतासा?’

‘मसाईला.’

‘या उन्हात?’

पुढं काही विचारलं नाही. जुना तळ काढून टाकला आणि गाडीच्या टायरचा तुकडा कापून, दोरा मेणातनं ओढून, चौफेर शिवून दिला. दुसऱ्या बुटालाही तसाच लावा म्हटलं. शिवगडावर त्याच बुटांनी गेलो. तात्या वाटेत चार वेळा खाली बघत होते, पण बोलले काही नाहीत.