क्लचची कुरकुर

आमच्या जुन्या गाडीच्या क्लचचे पेडल मध्यंतरी कुरकुर करू लागले. नाखुशी आणि कोरडे घर्षण या दोहोंना मराठीने हा एकच शब्द दिला आहे; मात्र माणूस कुरकुरला तर तो कोण हे निदान समजते, पेडलाच्या बाबतीत तेवढीही खात्री नसते. पेडलावर पाय पडताच खिळ, पुशरॉड म्हणजे ढकलदांडी, तिच्या रेट्याने द्रव दाबणारा मास्टर सिलिंडर आणि पलीकडे गिअरबॉक्सजवळचा, क्लच सोडवणारा फोर्क अशी सगळी मंडळी एकामागोमाग हलतात आणि त्यांतल्या एकाची करकर पत्र्यातून फिरत भलत्याच ठिकाणी ऐकू येते.

प्रथम मी इंजिन बंद ठेवून, डॅशबोर्डाखाली डोके घालून पेडल हाताने दाबले. तरीही आवाज आला, तेव्हा मला हायसे वाटले. कारण रिलीज बेअरिंगची, म्हणजे फोर्क ज्याला ढकलून क्लच सोडवतो त्या बेअरिंगची, घरघर इंजिन चालू असताना पेडल दाबल्यावर ऐकू येते आणि ते बदलायचे तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. नंतर घरातल्या एकाला पेडल दाबायला बसवून बॉनेटखाली कान लावला. तिकडे शांतता होती.

मग गुन्हेगार आतलाच. या टप्प्यावर पातळ तेलाचा स्प्रे मारण्याचा मोह होतो आणि तो मी आवरला नाही, हे कबूल करतो. आवाज गेला व चार दिवसांत परत आला, कारण असले पातळ तेल उरलेसुरले ग्रीसही धुऊन नेते. शिवाय खनिज तेल मास्टर सिलिंडरच्या रबरी सीलपर्यंत पोचले तर रबर फुगते, म्हणजे कुरकुरीवरून प्रकरण गळतीवर जाते.

शेवटी कानापेक्षा बोट उपयोगी पडले. पेडल हळू दाबीत एकेका सांध्यावर बोट टेकवत गेलो. स्प्रिंगच्या आकड्यावर काही जाणवले नाही, पुशरॉडच्या पिनेवरही नाही, पण पेडल ज्या खिळीवर झुलते तिच्यापाशी बारीक थरथर लागली. पेडल आडवे हलवले तर तेही डुगडुगले. खिळ काढून नवा प्लास्टिकचा बुश, म्हणजे खिळीभोवती बसणारे कडे, आणि पांढरे लिथियम ग्रीस, एवढ्यावर भागले.

जुना बुश उजेडात धरून पाहिला. त्याचे गोल भोक एकाच अंगाला झिजून लांबट झाले होते. इतकी वर्षे माझा पाय त्याला एकाच दिशेने ढकलत आला होता.