सांध्याचा कानोसा: आमची वाटचाल

सुरुवात ईसीजी यंत्रांच्या दुरुस्तीने झाली. आम्ही दोघं भागीदार, एक टेबल, सोल्डरिंग गन आणि जुना ऑसिलोस्कोप. तुटक्या केबली जोडता जोडता त्वचेवरून मिलिव्होल्टच्या अंशातला सिग्नल स्वच्छ कसा उचलायचा, हे हाताला समजत गेलं.

गुडघ्याकडे वळलो ते आईमुळे. तिचा गुडघा दुखत होता आणि एक्स-रे नॉर्मल. सगळे म्हणाले, वंगण कमी झालं असेल. तेव्हा कळलं की एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. ती फट अरुंद दिसेपर्यंत कूर्चा बरीच झिजून गेलेली असते. कूर्चेत मज्जातंतू नसतात, त्यामुळे झीज सुरू झाली तरी ती स्वतः दुखत नाही. रक्तवाहिन्याही नसतात, म्हणून गेलेली सहसा भरूनही येत नाही. जे गेलं की परत मिळत नाही, ते जायला लागलंय हे आधी कळायला नको का?

पहिलं यंत्र बायोइम्पिडन्सचं केलं, म्हणजे शरीर विजेला किती अवरोध करतं ते मोजणारं. चार इलेक्ट्रोड, बाहेरच्या दोघांतून जाणवणारही नाही इतका अल्टरनेटिंग करंट सोडायचा आणि आतल्या दोघांवर व्होल्टेज मोजायचं. सांध्यात पाणी साठलं की अवरोध घटतो, म्हणजे सूज छान कळते. कूर्चेबद्दल मात्र फारसं हाती लागेना.

मग इलेक्ट्रोआर्थ्रोग्राफीबद्दल वाचलं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी विकसित केलेली ही पद्धत. यात बाहेरून करंट द्यावाच लागत नाही, कूर्चा स्वतःच वीज तयार करते. तिच्या जाळ्यात प्रोटिओग्लायकनचे, म्हणजे प्रथिनं आणि साखरेच्या साखळ्यांचे, मोठे रेणू अडकलेले असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. भोवतालच्या पाण्यात सोडियमसारखे धन आयन. पायावर वजन आलं की कूर्चा दबते, पाणी सरकतं, धन आयन त्याबरोबर वाहतात आणि ऋण भार जागच्या जागी राहतो. या फारकतीतून विभव, म्हणजे बारीकसं व्होल्टेज, निर्माण होतो. 1987 साली एमआयटीत फ्रँक आणि ग्रोडझिन्स्की यांनी कूर्चेच्या तुकड्यांवर हे बारकाईने मांडलं होतं. झीज सुरू होताना प्रोटिओग्लायकन लवकर गळतात, आणि ते गळले की हा विभवही उतरतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

यंत्र उभं राहिलं. माणूस दोन्ही पायांवरून एका पायावर वजन घेतो, तळव्याखालची पट्टी बल मोजते, गुडघ्याच्या सांधारेषेवरचे इलेक्ट्रोड विभव मोजतात. सोळा आवर्तनांची सरासरी काढली की इकडून तिकडून आलेला गोंगाट चौथाईवर येतो. पडद्यावर सुरेख लाट आली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो.

मग एका संध्याकाळी भागीदाराने सहज तोच इलेक्ट्रोडचा पॅच स्वतःच्या दंडावर लावला आणि बोटाने शेजारची कातडी ओढली. पडद्यावर तशीच लाट! दंडावर कुठली कूर्चा? कातडी ताणली की तिचाच विभव बदलतो, आणि गुडघ्यावर ती प्रत्येक वेळी वजनाबरोबरच ताणली जात होती. सरासरीने तो दोष जाणार कसा? तो तर लाटेच्या तालावरच येत होता. स्नायूंचा सिग्नल वेगवान असतो, फिल्टरने वेगळा होतो. हा मात्र आमच्या सिग्नलच्याच संथ वेगाचा. तोवरच्या सगळ्या नोंदी आम्ही बाजूला ठेवल्या. कुणाला त्या खऱ्या म्हणून दाखवल्या नव्हत्या, एवढंच समाधान.

पुढचा बराच काळ त्वचेवरच गेला. बारीक घासपट्टीने वरची मृत त्वचा हलकेच काढायची, सिल्व्हर-क्लोराइडचे पॅच नीट दाबून लावायचे, जेल मुरू द्यायचं, केबलला टेपने ढील देऊन बांधायचं. सांध्यापासून दूर, पण तितक्याच ताणणाऱ्या त्वचेवर एक तुलनेचा इलेक्ट्रोड ठेवायचा. तिथेही तीच लाट दिसली तर नोंद रद्द. हा नियम आम्ही आजही कुणासाठी मोडत नाही.

सध्या यंत्र फक्त संशोधनासाठी देतो. अहवालावर हिरवा-लाल शिक्का द्या, अशी मागणी वारंवार येते. आम्ही नाही म्हणतो, कारण वजन, उभं राहण्याची ढब, सांध्यावरच्या चरबीचा थर या सगळ्यांनी आकडा हलतो. त्याच माणसाचा तोच गुडघा काही आठवड्यांनी पुन्हा मोजला तर तोच आकडा येतो का, हे आता तपासतोय. आईचा गुडघा या नोंदीतला पहिला. पॅच लावताना ती अजूनही दर वेळी विचारते, शॉक नाही ना बसणार?