तांदा म्हणजे भिशीच हो, पण अंडररायटरला कोण सांगणार

घर घेऊन चार महिने झाले तरी तो अंडररायटर, म्हणजे लोनचे कागद तपासून मंजुरी देणारा, आठवला की माझं डोकं फिरतं. आम्ही टेक्सासात, सॅन अँटोनियोला राहतो, नवरा मेक्सिकन-अमेरिकन, मी सांगलीची. घर बघणं, ऑफर, इन्स्पेक्शन पटापट झालं. लोन एफएचएचं, म्हणजे सरकारी विमा असलेलं, क्रेडिट स्कोअर ५८० किंवा वर असला की डाउन पेमेंट साडेतीन टक्के, अडीच लाख डॉलरच्या घराला ८,७५०. घोडं अडलं ते इथेच, कारण ते पैसे तांद्याचे होते.

तांदा म्हणजे मेक्सिकन लोकांची, आपल्यासारखीच भिशी! बारा जण, महिना ७५० डॉलर, दर महिन्याला एकाला ९,००० रोख. सासूबाईंच्या चर्चमधल्या एक बाई चालवतात, वहीत पेनाने लिहून. नवऱ्याने ते ९,००० बँकेत टाकले आणि अंडररायटर म्हणे हे आले कुठून? पत्र लिहून दिलं. मग म्हणे गिफ्ट आहे का? अहो स्वतःचेच साठवलेले! मग म्हणे कर्ज असेल. लोन ऑफिसर तर हळूच म्हणाला, सासूबाईंच्या नावाने गिफ्ट लेटर देऊन टाका. खोट्यावर सही आमची, त्याचं काय जातंय? एकोणीस दिवस हेच चालू, तिकडे रेट लॉक, म्हणजे ठरवून ठेवलेल्या व्याजदराची मुदत, संपत आलेला. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, माझ्या भिशीची वही पाठवू का त्याला.

शेवटी नवऱ्यानेच रात्री बसून एफएचएचं हँडबुक ४०००.१ चाळलं, त्यात प्रायव्हेट सेव्हिंग्ज क्लब असं चक्क लिहिलंय, चालतं म्हणून! फक्त वहीतल्या नोंदी, पावत्या आणि क्लब अजून चालू आहे असं चालवणाऱ्याचं पत्र लागतं. आता त्या बाई सहीला घाबरल्या, सरकारी भानगड नको म्हणाल्या, सासूबाई तीन वेळा जाऊन आल्या तेव्हा कुठे सही मिळाली. नशीब आमचा नंबर बारावा होता, आधी लागला असता तर उरलेले हप्ते बहुतेक कर्जात धरले असते.

इथे हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको वगैरे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्यांच्या, घरांपैकी स्वतःचं घर असलेली अजून निम्म्याच्या आसपासच, गोऱ्यांत सत्तर टक्क्यांच्या वर. २००८ च्या मंदीच्या आधी निम्म्याजवळ पोचले होते, नंतर २०१५ च्या सुमाराला पंचेचाळीसच्या आसपास घसरले, सासूबाईंचं घरही त्यातच गेलं. बचत नसते यांच्याकडे, असं ऑफिसात कुणी म्हणालं की आता मी भांडते. असते हो, कागदावर नसते.

तर भिशीवाल्यांनो, पहिल्या हप्त्यापासून पावती घ्या. आणि हो, राहिलंच, टेक्सासात लोन एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी एफएचए बायकोचं कर्ज पण मोजतं, माझा कारचा हप्ता असाच मधे आला. घर झाल्यावर होमस्टेड एक्झेम्प्शनचा, म्हणजे राहत्या घराच्या करात सूट मिळायचा, फॉर्म भरा, फुकट असतो, पैसे मागणारी पत्रं येतात ती सरळ फाडून टाका.