टँकरच्या बिलातून निघालेला धंदा

मानवतच्या मोंढ्यात वडिलांची आडत होती. ती बसली, तेव्हा थोरल्या भावाने आणि मी सर्जिकल कापसाचं छोटं युनिट टाकलं. रुई सोड्यात उकळून तिचं मेण काढायचं, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरी करायची, धुवायची, वाळवायची. कापूस भागातला, माणसं गावची; पाणी मात्र विकतचं. पेरॉक्साइडचा अंश जाईपर्यंत धुणं संपत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरवाला रोज सकाळी दारात उभा.

केमिकलच्या व्यापाऱ्याने कॅटालेज सुचवलं. हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन, पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. जखमेवर पेरॉक्साइड ओतलं की फेस येतो, तो रक्तातल्या याच एन्झाइममुळे. धुण्याचं पाणी वाचलं, पण दर खेपेला एन्झाइम गटारात. परभणीला शिकणारी पुतणी म्हणाली, "काका, नांगरट झाली की बैल सोडून देता का? दावणीला बांधा की." म्हणजे एन्झाइम कशाला तरी पक्कं बांधायचं आणि पुन्हा पुन्हा वापरायचं. दावण कशाची? कापसाचीच.

कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, साखरेच्या कड्यांची साखळी. सोडियम परआयोडेट या रसायनाने ती कडी फुटते आणि तिथे अल्डिहाइड नावाचा, दुसऱ्याला धरू शकणारा गट तयार होतो. एन्झाइम ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातल्या लायसिनचा अमाइन गट, म्हणजे नायट्रोजनचं टोक, त्याला धरतो. ऐकायला एवढंच आहे. आमचा सव्वा वर्षाचा काळ त्यात गेला.

पहिलं कापड आम्ही नुसतं एन्झाइमच्या पाण्यात भिजवून वाळवलं होतं. पहिल्या बुडीला असा फेस आला की भावाने पेढे आणले. तिसऱ्या बुडीला एक बुडबुडा नाही. एन्झाइम वर नुसतं बसलं होतं, धुऊन गेलं. पेढे तोवर संपले होते. मग परआयोडेट वापरलं, तर बफर, म्हणजे पाण्याची आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, ट्रिस या रसायनाचा निघाला. त्यालाही अमाइन आहे, त्याने एन्झाइमच्या आधीच जागा पटकावल्या. हे कळायला दीड महिना लागला. फॉस्फेट बफर आणला. मग हावरेपणाने परआयोडेट वाढवलं, आणि कापड हातात पापडासारखं तुटलं. आता कमी मात्रा, कमी वेळ, आणि भांडं अंधारात, कारण उजेडात परआयोडेट बिघडतं. तयार झालेला बंध पाण्यात पुन्हा सुटू शकतो, म्हणून तो पक्का करायला शेवटी थोडं बोरोहायड्राइड. जास्त झालं तर एन्झाइमच मरतं.

एन्झाइम बांधलेल्या या कापडाच्या पट्ट्या सोलापूरच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्याला दिल्या, ब्लीचिंगनंतर उरलेलं पेरॉक्साइड काढायला. त्यांचा फोन आला, "तुम्ही धुतलेलं फडकं दिलंय." चौकशी केली तर पट्टी उकळत्या, सोड्याच्या कुंडात टाकलेली. त्यात एन्झाइम मरतं; ब्लीचिंगचं पाणी आधी निववावं आणि त्यातल्या सोड्याचा जोर मोडावा लागतो, हे आम्हीच लेखी दिलं नव्हतं. दोष आमचा. दुसरं पार्सल वैशाखात एसटीने पाठवलं आणि ते उन्हाने वाटेतच निकामी झालं. तेव्हापासून थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून रात्रीच्या गाडीने जातं.

तिथले मालक टिकले ते वेगळ्याच कारणाने. सुटं एन्झाइम टाकलं की ते प्रथिन पाण्यातच राहतं, रंगाला चिकटतं आणि छटा बदलू शकते. पट्टी काढून घेता येते, आणि तेच पाणी रंगाईला चालतं. मी पाण्याची बचत विकायला गेलो होतो, त्यांनी रंगासाठी घेतलं.

परआयोडेट महाग आहे, म्हणून एक पट्टी किती बॅचेस चालते यावर सगळा हिशेब. सुटं एन्झाइम स्वस्त आहे, हे मी गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतो. प्रत्येक पट्टीचा कोपरा मेडिकलच्या दुकानातल्या पेरॉक्साइडमध्ये बुडवून फेस बघतो. फेस नसलेल्या पट्ट्या भाऊ मशीन पुसायला नेतो.

अर्धापूरकडून केळीच्या खांबाचा धागाही आणलाय. फुकटात मिळाला, पण त्यात लिग्निन, म्हणजे झाडाला कडकपणा देणारा घटक, आहे. ते काढल्याशिवाय एन्झाइम सारखं बसत नाही, आणि काढायचं तर परत सोडा, परत पाणी. पोती मागच्या शेडमध्ये पडून आहेत.